छकडा हलका हवा. पण किती आणि कुठे?

भाताची मळणी उरकली, खाचरे सुकली की आपल्या पनवेल, उरण, पेण, अलिबाग पट्ट्यात गावोगाव एकच विषय सुरू होतो, तो म्हणजे बैल. यंदा कोणाची जोडी पळते, घाटावरून नवा खोंड कोणी आणला, कोणाची बिनजोड कोणाशी लागली, याशिवाय पारावर दुसरे बोलणे नसते. शेतकरी बंधूंनो, याच दिवसांत आणखी एक काम गुपचूप चालते. छकडा सुताराच्या पडवीत नाहीतर वेल्डिंगवाल्याच्या दुकानात जाऊन पडतो आणि मालक त्याला एकच वाक्य सांगतो, "वजन काढ."

हे वजन किती काढावे, कुठून काढावे आणि कुठे अजिबात हात लावू नये, याचा हिशेब आज मांडायचा आहे. हा विषय हौसेचा वाटला तरी त्यात गाडीवानाचा जीव, बैलाचा खांदा आणि गावाची परवानगी अशा तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

बेलपाड्याचेच पाहा. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली आणि बेलपाडा हे त्या मार्गावरचे एक स्टेशन झाले. खारघर परिसरातील बेलपाडा, कोपरा, मुर्बी, ओवे या गावांच्या जमिनी सिडकोने शहरासाठी घेतल्या आणि २०१६ साली हा सारा भाग पनवेल महापालिकेत गेला. भाताची शेती आटली, नांगराचे काम ट्रॅक्टरने घेतले. पण पनवेल तालुक्यातून बैलाची हौस काही गेली नाही. विहीघरचे पंढरीनाथ फडके यांचे नाव शर्यतीच्या बैलांमुळेच राज्यभर झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. आज या भागात बैल पाळला जातो तो बहुतेक शर्यतीसाठीच. म्हणजे ज्या गाडीला पूर्वी पिढ्यान्‌पिढ्या भाताची पोती, पेंढा आणि शेणखत वाहायचे होते, तिला आता फक्त पळायचे आहे. गाडीचे कामच बदलले, तेव्हा तिची घडणही बदलणार. प्रश्न एवढाच की ती कोणी आणि कोणत्या हिशेबाने बदलायची.

पाच किलो काढले तर किती मिळते?

आधी साधे गणित करू. पाटी-पेन्सिल घेऊन तुम्हीही करून पाहा. जोडीतला एक बैल ४०० किलोचा धरला तर दोन्ही मिळून ८०० किलो. छकडा ६० किलो, गाडीवान ६० किलो. एकूण धावणारे वजन ९२० किलो. आता तुम्ही मोठ्या कष्टाने छकड्यातून ५ किलो काढले. एकूण वजनात फरक पडला तो शेकडा अर्ध्याचा! कारण पळताना बैलाला सर्वांत जास्त ओझे वाहावे लागते ते स्वतःच्या अंगाचे. छकड्याचे ओझे त्यामानाने थोडेच.

याचा अर्थ छकडा जड ठेवावा असा नाही. सुटताना पहिल्या काही ढांगांत हलक्या छकड्याचा फायदा होतो, वळताना आणि थांबवतानाही होतो. टेंपोत चढवायला-उतरवायला तो सोपा पडतो. पण त्या ५ किलोंसाठी कणा बारीक केला किंवा दांडीच्या जोडातला एक बोल्ट कमी केला, तर फायदा अर्ध्या टक्क्याचा आणि धोका सगळ्या गाडीचा, असा तो सौदा आहे.

दुसरा हिशेब धोक्याचा. ताशी ३६ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला १० मीटर. चांगली जोडी याच्या आसपास किंवा याहूनही जोरात पळते. या वेगात छकडा मोडून गाडीवान समोरच्या कशावर आदळला, तर त्याला बसणारा मार ५ मीटर उंचीवरून पडण्याएवढा असतो. म्हणजे कौलारू घराच्या आढ्यापेक्षाही वरून. आणि पडल्यावर मागून दुसरी जोडी येत असली, तर पुढचे सांगायला नको.

वजन कुठून काढावे?

पहिली जागा चाकाची कड. चाकाच्या परिघावरचे वजन नुसते पुढे जात नाही, ते गोलही फिरते. म्हणून वेग घेताना कडेवरचा एक किलो बैलाला जवळजवळ दोन किलोंसारखा लागतो. साट्यावरून दोन किलो काढण्यापेक्षा दोन्ही चाकांच्या कडेवरून मिळून एक किलो काढला, तर काम तेवढेच होते. जुन्या ओझ्याच्या गाडीची जाड धाव शर्यतीच्या चाकाला लागत नाही. मात्र धाव इतकी पातळ नको की दगडावर आपटून वाकेल आणि पुठ्ठ्या मोकळ्या होतील. आऱ्यांची संख्या कमी करू नका. आरे सारखे आणि घट्ट बसलेले असतील तरच पातळ कड टिकते.

दुसरी जागा साटा. शर्यतीच्या छकड्यावर माल ठेवायचा नसतो, गाडीवानाला पाय रोवून उभे राहायचे किंवा बसायचे असते. तेव्हा मागचा पुढचा शोभेचा भाग, जादा फळ्या, लोखंडी नक्षी, पितळी बुगड्या, नावाच्या जड पाट्या हे सगळे खुशाल काढा. रंगाचे थरावर थर चढवलेले असतात, तेही खरवडा. जुना रंग निघाला की खालची भेग दिसते, हा दुसरा फायदा.

तिसरी जागा भरीव लोखंड. पुष्कळ ठिकाणी चौकटीला भरीव सळई वापरतात. "भरीव म्हणजे मजबूत" असा समज आहे. हा समज अर्धाच खरा. ३० मिलिमीटरची भरीव गोल सळई एका मीटरला साधारण साडेपाच किलो भरते. दीड इंची मध्यम प्रतीचा पाईप, ज्याला दुकानदार बी क्लास म्हणतो, एका मीटरला साधारण ३ किलो ५६० ग्रॅम भरतो. म्हणजे वजन एक तृतीयांशाहून जास्त कमी झाले. आणि लोखंडाची प्रत सारखी धरली तर वाकण्याविरुद्ध हा पाईप त्या सळईपेक्षा पावणेदोनपट टिकतो. कारण वाकताना जोर येतो तो कडेच्या लोखंडावर; मधले लोखंड नुसते बसून खाते. बोरूची काडी पोकळ असून ताठ उभी राहते ती याच कारणाने.

पण पाईप वापरताना तीन पथ्ये पाळा. एक, मधोमध भोक पाडू नका. भोक पाडलेला पाईप तिथेच मोडतो. बोल्ट लावायचाच असेल तर बाहेरून पट्ट्याची पकड बसवा. दोन, पातळ पाईपावर वेल्डिंग करताना कारागिराने घाई केली तर पाईप जळून अर्धा होतो आणि वरून पोपडा मात्र जाड दिसतो. तीन, आपल्याकडची खारी हवा पाईप आतून खाते. दोन्ही तोंडे बंद करा, आत तेल फिरवा आणि दर हंगामाला हातोडीने टकटक करून आवाज ऐका. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर तो पाईप बाद समजावा.

चौथी जागा ओले लाकूड. ओले लाकूड पाण्याचेच वजन वाहते आणि पुढे सुकताना फाटते. चांगला वाळलेला साग एका घनफुटाला १८-१९ किलोंच्या आसपास भरतो, बाभूळ २२-२३ किलोंच्या घरात. म्हणून साटा आणि चौकट सागाची चालेल. पण तुंब्याला बाभळीसारखे चिवट लाकूडच हवे. तिथे वजन पाहू नये. बांबू हलका आणि लवचिक असतो, आपल्या कोकणात तो मिळतोही चांगला. मात्र तो पक्का, जून आणि सावलीत वाळवलेला असावा. भुंगा लागलेल्या बांबूतून भुसा गळतो. असा बांबू दिसायला धड असला तरी दांडीला वापरणे म्हणजे जाणूनबुजून धोका घेणे.

आणि एक गोष्ट वजनाची नाही, पण वजनापेक्षा मोठी. दोन्ही चाके एका रेषेत आहेत का पाहा. पुढच्या कडांमधले अंतर आणि मागच्या कडांमधले अंतर दोरीने मोजा. ते सारखे हवे. चाक जरा तिरपे असले की ते फिरता फिरता घासत जाते आणि बैल त्याची किंमत सबंध धावपट्टीभर मोजतो. तुंब्यातली बेअरिंग धुऊन नवे ग्रीस भरा. छकडा उचलून चाक हाताने फिरवा. ते कुरकुर न करता फिरत राहिले पाहिजे. पाच किलो काढण्याच्या आधी हे काम करा. याला खर्च नाही आणि धोका तर नाहीच.

इथे हात लावायचा नाही

कणा, तुंबा, खीळ, दांडी जिथे चौकटीला मिळते तो जोड, जू, शिवळा आणि गाडीवानाची पाय रोवण्याची जागा. या सात ठिकाणी वजन काढू नये. यातला एक भाग जरी गेला तरी गाडी हातात राहत नाही.

कण्याला सर्वांत जास्त मार बसतो तो खड्ड्यात किंवा बांधावर उसळल्यावर. उसळून आपटताना क्षणभर भार दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून छकडा नुसता उभ्या माणसाच्या वजनाला पुरतो की नाही, हे पाहणे उपयोगाचे नाही. सोपी परीक्षा अशी. साट्यावर गाडीवान उभा राहतो त्या जागी ५० किलोची सिमेंटची चार पोती ठेवा, म्हणजे २०० किलो झाले. रात्रभर राहू द्या. सकाळी पोती उतरवून कणा आणि दांडी दोरी ताणून तपासा. वाक राहिला असेल तर तो छकडा शर्यतीत नेऊ नका.

बारीक भेग डोळ्यांना दिसत नाही, तिच्यासाठी गॅरेजवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. सांध्यावर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटांनी फडक्याने कोरडे पुसा आणि वर खडूची पूड चोळा. भेग असली तर आत शिरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. दहा रुपयांच्या खडूत माणूस वाचतो.

जू तासून बारीक करण्याची खोडही पुष्कळांना आहे. इथे गणित उलटे चालते. चार इंच रुंद बसणारे जू दोन इंचांवर आणले तर वजन थोडे कमी होते, पण खांद्यावर दर इंचाला पडणारा दाब दुप्पट होतो. खांदा सुजतो, कातडी सोलते, पुढे गाठ धरते. मग तोच बैल जू पाहिले की मान झटकतो आणि मालक म्हणतो, "यंदा बैल मनातून पळत नाही." कसा पळेल? जू रुंद, गुळगुळीत आणि कडा गोल केलेले असावे. हलके हवे तर खांद्यापासून दूरचा भाग कोरा, पण खांद्यावरचा भाग तसाच ठेवा.

जोते आणि शिवळा अशा असाव्यात की बैल पडला तर एका झटक्यात सुटतील. गाठीवर गाठी मारलेले जोते ऐन वेळी कोयत्यानेही लवकर तुटत नाही. कासरा मनगटाला गुंडाळू नये, हे तर प्रत्येक गाडीवानाला बजावून सांगा. हात अडकला की माणूस फरफटत जातो.

तोल: वजनापेक्षा महत्त्वाचा

छकडा हलका झाला की तोल बिघडतो, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. जड गाडीत गाडीवान थोडा मागेपुढे सरकला तरी फरक पडत नाही. हलक्या छकड्यात तोच सर्वांत जड भाग असतो.

समजा कण्यापासून जुवापर्यंत दांडी ९ फूट आहे आणि ६० किलोचा गाडीवान कण्याच्या १ फूट पुढे उभा आहे. त्याच्यामुळे जुवावर ६० भागिले ९, म्हणजे पावणेसात किलोंच्या आसपास भार येतो. तोच १ फूट मागे सरकला तर तेवढाच जोर जू वर उचलतो आणि जोते बैलाचा गळा आवळते. धावत्या बैलाचा श्वास आवळला तर तो पळणार काय? कित्येकदा बैल मध्येच मान वर करतो, बाजूला झुकतो, आणि आपण त्याला अडेल ठरवतो. दोष तोलाचा असतो.

परीक्षा अशी करा. दांडीच्या टोकाला ताणकाटा बांधून ती जुवाच्या उंचीला धरा. गाडीवानाला त्याच्या नेहमीच्या जागी उभे करा. काटा खाली थोडा भार दाखवील असा तोल ठेवा. जू कधीही वर उचलले जाता कामा नये. तोल साधला की साट्यावर पाय ठेवण्याच्या जागी पट्टी ठोकून खूण करा, म्हणजे गाडीवान घसरणारही नाही आणि मागे जाणारही नाही.

हलका गाडीवान नको, जाणता हवा

आता एक नाजूक गोष्ट. छकड्यातून काढण्यासारखे वजन संपले की नजर जाते गाडीवानावर. साठ किलोच्या गड्याऐवजी चाळीस किलोचे पोर चढवले की एका दमात वीस किलो कमी! हा मोह वाईट आहे. पोर हलके असते तसेच कच्चेही असते. दोन बैल मिळून त्याच्या वीसपट वजनाचे. ते कासरा ओढून काय ओढणार? अठरा वर्षांखालच्या मुलाला छकड्यावर चढवू नये, मग तो कितीही धीट असो, कोणाचाही मुलगा असो. सरपंच, पोलीस पाटील, नगरसेवक आणि यात्रा कमिटीने या बाबतीत कोणाची भीडभाड ठेवू नये.

हेल्मेटलाही "वजन वाढते" म्हणून नाक मुरडतात. आय.एस. ४१५१ च्या आयएसआय खुणेचे मोटरसायकलचे हेल्मेट सव्वा किलोच्या आसपास भरते. आपल्या ९२० किलोंच्या हिशेबात ते हजारी दीडसुद्धा होत नाही. एवढ्याने कोणी शर्यत हरत नाही. डोके फुटले तर मात्र घर हरते.

मोटारींच्या शर्यतीत काय करतात?

वजन आणि जीव यांची ही ओढाताण आपल्यालाच आहे असे नाही. जगातली एक अतिवेगवान मोटार शर्यत म्हणजे फॉर्म्युला वन. तिथेही पन्नास-साठ वर्षांपूर्वी वजन काढण्याची अशीच चढाओढ होती. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन हलक्या गाडीसाठीच प्रसिद्ध होते. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीतील मोंझा येथे सरावाच्या वेळी योखेन रिंट या चालकाची लोटस गाडी कठड्यावर आदळली आणि तो दगावला. पुढच्या ब्रेकचा पोकळ दांडा तुटल्याने गाडी भरकटल्याचे पुढे चौकशीत निघाले. शिवाय त्याने मांड्यांमधून घ्यायचे सुरक्षा पट्टे लावलेले नव्हते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्यालाच मिळाले, पण मरणोत्तर!

तिथली मंडळी वजनाचे काय करतात, ते आपल्या उपयोगाचे आहे. त्यांच्याकडे किमान वजनाचा नियम आहे. २०२५ सालच्या हंगामात गाडी आणि चालक मिळून वजन ८०० किलोंपेक्षा कमी नको, असा नियम होता. वजन कमी पडले तर गाडी बाद. त्यामुळे एखादा महत्त्वाचा भाग पातळ करून फायदाच उरत नाही. तिकडे काढले तर इकडे भरावे लागते. २०१९ साली त्यांनी चालक आणि त्याचे आसन मिळून किमान ८० किलो ठरवले. चालक हलका असेल तर तेवढे वजन आसनापाशी बसवायचे. त्याआधी उंच, धिप्पाड चालक उपाशी राहून वजन उतरवत होते.

२०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती टायटॅनियमची कमान सक्तीची झाली. तिचे वजन सुमारे ७ किलो. "गाडी जड झाली, दिसायला वाईट दिसते," अशी ओरड तेव्हा पुष्कळांनी केली. ती कमान सुमारे १२ टनांचा भार पेलते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे रोमां ग्रोजां याची गाडी लोखंडी कठड्यात घुसून दुभंगली आणि पेटली. तो जळत्या गाडीतून चालत बाहेर आला. कमानीने डोके वाचवले. त्यानेही आधी या कमानीला विरोधच केला होता.

आपल्याकडची अभियांत्रिकी कॉलेजची पोरेही लहान शर्यतीच्या गाड्या स्वतः बनवून स्पर्धेत उतरवतात. त्यांच्या नियमात चालकाच्या डोक्यामागच्या पोलादी कमानीला पाईप किती जाडीचा हवा, ते ठरवून दिलेले असते. एक इंची पाईप असेल तर जाडी सुमारे २.४ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. बाकीच्या गाडीत बुद्धी चालवून वजन काढा, पण जीव राखणाऱ्या भागाला हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या छकड्याला हेच सूत्र लागू पडते.

परवानगी सहज मिळालेली नाही

ही शर्यत आज होते आहे ती फार खटाटोपानंतर, हे विसरू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. ११ जुलै २०११ च्या केंद्राच्या अधिसूचनेने खेळासाठी वापरता न येणाऱ्या प्राण्यांच्या यादीत बैल आला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून नियम केले, पण उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली.

म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ धावपट्ट्या ओस पडल्या होत्या. त्या पुन्हा उघडल्या त्या अटींवर. जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी. ५० हजार रुपयांची अनामत किंवा बँक हमी हवी. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब नको. बैलांची पशुवैद्यकांकडून तपासणी हवी. चाबूक, काठी, विजेचा धक्का, शेपटी पिरगाळणे हे सारे बंद. बैलाला क्रूरपणे वागवले तर ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद आहे. बेलपाड्यासारखी गावे महापालिकेत गेली असली तरी शर्यतीची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांचीच लागते, हे लक्षात ठेवा. परवानगीपत्र हाती आले की त्यातली प्रत्येक अट कमिटीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. कागद पाकिटात आणि शर्यत मनाप्रमाणे, असे चालणार नाही.

ओढकामाच्या जनावरांसाठीचे १९६५ चे केंद्रीय नियमही डोळ्यांसमोर असावेत. तापमान ३७ अंशांच्या वर असेल अशा ठिकाणी दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपू नये, असे ते नियम सांगतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उकाडा असा असतो की माणूसही सावली सोडत नाही. तेव्हा फेऱ्या सकाळी आणि उन्हे उतरल्यावर घ्या.

कमिटीने आपला नियम करावा

परवानगीच्या अटी पाळायच्याच. त्यांच्या जोडीला प्रत्येक गावाच्या कमिटीने छकड्यासाठी स्वतःचे काही नियम ठरवावेत, अशी माझी सूचना आहे. ते असे:

१) छकडा आणि गाडीवान मिळून किमान वजन ठरवा. उदाहरणार्थ, १३० किलो ठरले आणि एकाचा छकडा ६५ व गाडीवान ५५, म्हणजे एकूण १२० भरले, तर उरलेले १० किलो लोखंडी पट्टीच्या रूपाने कण्यालगत बोल्टने पक्के बसवायचे. सुटी पोती ठेवू नयेत, ती उडतात. आकडा आपल्या भागातल्या मजबूत छकड्यांचे वजन पाहून सर्वांच्या संमतीने ठरवावा. दहा किलोंनी बैल दमेल अशी शंका काहींना येईल. पण ज्या जनावराने क्विंटलवारी भात वाहिला, त्याला चाकावरचे दहा किलो जड नाहीत. जड होते ते तासलेले जू आणि बिघडलेला तोल.

२) धान्य खरेदीचा काटा धावपट्टीवर आणा. शर्यतीआधी सर्वांचे वजन करा आणि जिंकलेल्या छकड्याचे पुन्हा करा.

३) कणा, खीळ, दांडीचा जोड आणि जू यांची तपासणी गावातला जाणता सुतार आणि एक वेल्डिंगवाला यांनी मिळून करावी. त्यांनी "नाही" म्हटले की नाही. तिथे पुढाऱ्याचा फोन चालू नये.

४) गाडीवान अठरा वर्षांवरचा, हेल्मेट घातलेला आणि शुद्धीत असावा. दारू प्यालेल्याला जवळ फिरकू देऊ नये.

५) शेवटच्या रेषेपुढे बैल थांबण्याइतकी मोकळी जागा ठेवा. सेकंदाला १० मीटर पळणारी जोडी, गाडीवान कासरा आवरेपर्यंतच्या दोन सेकंदांत २० मीटर जाते. थांबते त्याच्या पुष्कळ पुढे. त्या जागेत एकही माणूस, एकही मोटरसायकल नको. फोटो काढणारी पोरे सर्वांत आधी तिथेच येऊन उभी राहतात.

६) माणसांसाठी रुग्णवाहिका आणि बैलांसाठी पशुवैद्यक हजर असल्याशिवाय पहिली जोडी सोडू नये.

या सहा गोष्टींना फार पैसा लागत नाही. लागते ती एकी. एकाच गावाने किमान वजन लावले तर मालक म्हणतील, "आम्ही शेजारच्या गावी जाऊ." म्हणून तालुक्यातल्या कमिट्यांनी हंगामाआधी एकत्र बसून एकच आकडा ठरवावा. एकदा सर्वांना सारखा नियम लागला की कोणालाच कणा बारीक करण्याची गरज उरत नाही. मग शर्यत लागते ती बैलाच्या दमाची, गाडीवानाच्या हाताची आणि मालकाने वर्षभर घातलेल्या वैरणीची. पूर्वीपासून पाहणारे लोक तेच पाहायला येतात.

तेव्हा बंधूंनो, यंदा छकडा दुकानात नेलात की "वजन काढ" एवढेच सांगून घरी येऊ नका. कारागिराजवळ बसा. कुठले वजन काढायचे आणि कुठले राखायचे, हे त्याला बोट ठेवून दाखवा. नंबर यंदा हुकला तर पुढच्या जत्रेत लागेल. छकड्यावर उभा राहणारा गडी संध्याकाळी धडधाकट घरी आला पाहिजे आणि गोठ्यातल्या जोडीचा खांदा निकोप राहिला पाहिजे, एवढे पाहूनच छकडा टेंपोत चढवा.